८२ वर्षांच्या नन बाई आणि घातपाताचं कलम : शिक्षा नक्की कशाची झाली?

सांजवेळ
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय. २८ जुलै २०१२ ला पहाटे, अजून अंधार असताना, अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज इथल्या वाय-१२ नावाच्या केंद्रात तिघं जण घुसले. अण्वस्त्रांसाठीचं समृद्ध युरेनियम अमेरिका जिथे साठवते ती ही जागा, तिला युरेनियमचं फोर्ट नॉक्स म्हणतात (फोर्ट नॉक्स म्हणजे अमेरिकेचा सोन्याचा साठा असतो ती कडेकोट जागा). घुसणारे कोण, तर सिस्टर मेगन राइस, वय ८२, कॅथलिक नन, आयुष्याची चाळीसेक वर्षं आफ्रिकेत शिकवण्यात गेलेली. बरोबर मायकेल वॉली, ६३, व्हिएतनामला जाऊन आलेले, आणि ग्रेग बोर्टये-ओबेड, ५७, तेही एके काळी सैन्यात, नंतर घरं रंगवायची कामं करायचे. एकामागून एक जाळ्या कापत हे थेट युरेनियमच्या इमारतीला जाऊन भिडले. भिंतीवर स्प्रेने बायबलमधली वचनं लिहिली, बाटल्यांतून आणलेलं रक्त ओतलं, हातोडीने कोपऱ्याचा टवका उडवला, मेणबत्त्या लावल्या आणि गार्ड येईपर्यंत थांबले. तो आल्यावर त्याला पाव देऊ केला!

मे २०१३ ला ज्युरीने दोषी ठरवलं. फेब्रुवारी २०१४ ला शिक्षा, बाईंना ३५ महिने, बाकी दोघांना ६२-६२ महिने, वर जवळपास ५३ हजार डॉलर भरपाई. आणि कलम नुसतं घुसखोरीचं नाही, घातपाताचं. म्हणजे देशाच्या संरक्षणात अडथळा आणायच्या इराद्याने केलेली नासधूस.

जाळी कापली, भिंत रंगवली, त्याची काय ती शिक्षा द्या ना, कोण नाही म्हणतंय. पण ही शिक्षा जाळीची आहे की इतक्या कडेकोट जागेची अब्रू गेली त्याची? मला तरी दुसरंच वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

ढब्बू मिरची
पयला!! वाचतोय.

काडीमास्तर
इमारत बांधायला लागले ५४ कोटी ९० लाख डॉलर. बोल्ट कटर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मला वाटतं शिक्षा टेंडर काढणाऱ्याला व्हायला हवी होती.

फौजी_निवृत्त
सांजवेळताई, दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. नोकरीत काही काळ दारूगोळ्याच्या डेपोवर काढलाय. रात्री पहाऱ्यावरच्या संत्रीला काय दिसतं? सावली. ती नन आहे का अजून कोण आहे हे सावलीवर लिहिलेलं नसतं. "थम, कौन आता है" म्हणायचं, उत्तर नाही आलं की परत म्हणायचं, आणि त्यानंतर जे होईल त्याचं ओझं त्या विशीतल्या पोराने जन्मभर वागवायचं. तुमच्या या तिघांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला हे कौतुक ठीक आहे, पण समोरच्या माणसावर खून करायची वेळ आणायची तयारी ठेवली होती त्याचं काय? त्या आवारात प्राणघातक बळ वापरायची मुभा असते आणि तशा पाट्या लावलेल्या असतात. वाचता येत होतं की त्यांना.

दुसरं म्हणजे यांना चापट मारून सोडलं की पुढच्या वेळी येणारा हातोडी आणि पाव घेऊन येईल याची गॅरंटी कोण देणार? अशा जागेला जरब पाहिजेच. वय, धर्म, हेतू हे सगळं शिक्षा किती याच्यात बघा. शिक्षा व्हावी का नाही याच्यात नको.

रोखठोक
फौजीकाकांना +१. आणि ही सगळी नाटकं अमेरिकेतच सुचतात बरं का. मॉस्कोत जाऊन करा म्हणावं.

मृद्गंध
@रोखठोक, मॉस्कोत केलीत की. अलेक्सेई गोरिनोव्ह, तिथल्या एका प्रभागाचे नगरसेवक, मार्च २०२२ च्या बैठकीत विषय निघाला लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा, तर हे म्हणाले तिकडे युक्रेनमध्ये मुलं मरतायत आणि आपण स्पर्धा कसल्या घेतो. तेवढ्यावर ७ वर्षं. पीटर्सबर्गच्या साशा स्कोचिलेंको या चित्रकार मुलीने सुपरमार्केटमधल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्या जागी युद्धाबद्दलच्या चिठ्ठ्या लावल्या, तिलाही ७ वर्षं. ती पुढे ऑगस्ट २०२४ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. एवढीशी चिठ्ठी! तिथे जाळी वगैरे काही कापायची गरजच पडत नाही.

म्हणजे "रशियात करून दाखवा" हे उत्तर होऊ शकत नाही. उलट मला प्रश्न पडतो की रशियाच्या ७ वर्षांना आपण जुलूम म्हणतो आणि टेनेसीच्या ५ वर्षांना कायद्याचं राज्य, ते नेमकं कशाच्या जोरावर?

रोखठोक
कारण एकीकडे बोलल्याबद्दल झाली, दुसरीकडे फोडाफोडीबद्दल. एवढा फरक कळायला हरकत नसावी.

मृद्गंध
फरक मान्य. पण मग फोडाफोडीचं कलम लावा, घातपाताचं कशाला? धागा तेच तर विचारतोय.

नॉक्सव्हिलकर
अरे वा, आमच्या गल्लीतला विषय! मी ओक रिजच्या जवळच राहतो, गाडीने अर्धा तास. थोडी स्थानिक माहिती देतो.

वाय-१२ म्हणजे मॅनहॅटन प्रकल्पातली, पहिला अणुबॉम्ब बनवण्याच्या कामातली जागा, हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं युरेनियम इथेच वेगळं काढलं. युद्ध चालू असताना हे गाव नकाशावरच नव्हतं, आणि यंत्रांसमोर बसून काटे सांभाळणाऱ्या हायस्कूल झालेल्या मुलींना आपण काय बनवतोय ते माहीत नव्हतं. त्या यंत्रांच्या वेटोळ्यांसाठी तांबं कमी पडलं म्हणून सरकारी खजिन्यातून १४ हजार टनांच्या वर चांदी उसनी आणली होती आणि शेवटची चांदी १९७० ला परत केली. हे अवांतर झालं पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता मुद्द्याचं. इथे गावाला या जागेचा अभिमान आहे, आणि पोटही तिच्यावरच. त्यामुळे बाईंबद्दल सहानुभूती फार नव्हती, पण हसत सगळेच होते. कारण नंतर जी सरकारी चौकशी झाली त्यात काय काय निघालं! काही कॅमेरे कित्येक महिने बंद. प्राण्यापक्ष्यांमुळे धोक्याची घंटा इतक्यांदा उगाच वाजायची की कोणी मनावर घ्यायचं नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे भिंतीवर हातोडीचे घाव पडत असलेले ऐकू आले तेव्हा आत बसलेल्यांना वाटलं दुरुस्तीची माणसं कामाला आली असतील, पहाटे साडेचार-पाचला!! त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे काम थांबवलं, सुरक्षेचं कंत्राट असलेल्या कंपनीचं कंत्राट गेलं, आणि वॉशिंग्टनला संसदेच्या समितीसमोर विषय आला तेव्हा सिस्टर मेगन प्रेक्षकांत बसल्या होत्या तर एका खासदाराने चक्क त्यांचे आभार मानले, तुमच्यामुळे भोकं कळली म्हणून. तोही रिपब्लिकन, टेक्सासचा.

आभार मानून झाल्यावर घातपाताचं कलम. असं आहे.

काडीमास्तर
उसनी चांदी पंचवीस वर्षांनी परत केली? आमच्या मेव्हण्याला ही पोस्ट फॉरवर्ड करतोय.

ढब्बू मिरची
खिक् 😀

वकिलीण बाई
(वकिली इथली, तिथली नाही, पण हे प्रकरण मुद्दाम वाचलंय.)

सांजवेळ, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर कलम कसं वाढत गेलं त्यातच आहे. सुरुवातीला किरकोळ घुसखोरी आणि मालमत्तेचं नुकसान एवढंच होतं. आरोपींनी तडजोड करून गुन्हा कबूल करायला नकार दिला, आणि डिसेंबर २०१२ ला घातपाताचं कलम चढलं, कमाल शिक्षा २० वर्षं. घटना तीच, पुरावा तोच, जुलै ते डिसेंबरमध्ये नवीन काय घडलं? एवढंच की हे लोक कबूल होईनात. अमेरिकेत फेडरल कोर्टात नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षा अशा कबुलीतूनच होतात, खटला उभा राहणं हाच अपवाद. त्यामुळे जो खटला लढायचा म्हणतो त्याला ते महाग पडेल अशी सोय असते. या लोकांना तर खटला हवाच असतो, कारण तेच त्यांचं व्यासपीठ.

आणि व्यासपीठ मिळतं का? नाही. सरकार पक्ष खटल्याआधीच अर्ज देतो की आरोपींनी ज्युरीसमोर आंतरराष्ट्रीय कायदा, न्यूरेंबर्ग (दुसऱ्या महायुद्धानंतरचे नाझींवरचे खटले), मोठं संकट टाळण्यासाठी छोटा गुन्हा केला असले बचाव मांडू नयेत. इथेही तो अर्ज मंजूर झाला. अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल रॅम्से क्लार्क म्हातारपणी आधीच्या सुनावणीला येऊन साक्ष देऊन गेले, ज्युरीपर्यंत ते गेलंच नाही. म्हणजे ज्युरीला विचारलं काय? जाळी कापली का? कापली. रंगवलं का? रंगवलं. संपलं. का केलं याला कायद्याच्या दृष्टीने जागाच नाही, फक्त "संरक्षणाला बाधा आणायचा इरादा होता का" या एका खिडकीतून ते आत येतं, आणि तिथे ते आरोपींच्याच अंगावर उलटतं. कारण आम्हाला अण्वस्त्रं नकोत असं प्रामाणिकपणे सांगितलं की झाला इरादा सिद्ध!

रोखठोक
न्यायाधीश पण अमूल थापर, भारतीय वंशाचे. आपला माणूस.

काडीमास्तर
नाव अमूल, पण मस्का नाही चालला.

वकिलीण बाई
😀 त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. शिक्षा ठरवताना मार्गदर्शक तक्त्याप्रमाणे बाईंना बरीच जास्त बसत होती, ती त्यांनी खाली आणली. बाई तर म्हणाल्या होत्या की मला दया दाखवू नका, उरलेलं आयुष्य तुरुंगात गेलं तर तो माझा मोठाच सन्मान. त्यांना पस्तावा एकाच गोष्टीचा होता, हे करायला सत्तर वर्षं थांबले त्याचा. असा आरोपी समोर असला की न्यायाधीशाने काय करायचं? जरब बसवायची तर कोणावर?

पण अपील वाचा. ८ मे २०१५, म्हणजे दोषी ठरवल्याला बरोबर दोन वर्षं, सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी घातपाताचा गुन्हा रद्द केला. सांगितलं असं की जागा संरक्षणासाठी किती महत्त्वाची आहे याचं मोघम वर्णन करून भागत नाही. या कृत्यामुळे देशाची युद्ध करायची किंवा बचाव करायची क्षमता खरंच अडखळावी असा इरादा होता हे दाखवा. जाळी कापून आणि भिंत रंगवून ते होत नाही. मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा कायम राहिला. १६ मेला तिघं बाहेर आले आणि सप्टेंबरमध्ये भोगली तेवढीच शिक्षा पुरे असा हिशोब झाला. म्हणजे वॉली आणि बोर्टये-ओबेड यांची साधारण तीन वर्षं वाचली. बाईंची मात्र दोन वर्षं, म्हणजे बरीचशी शिक्षा भोगून झालेली, शेवटी ब्रुकलिनच्या डिटेन्शन सेंटरमध्ये होत्या.

सांजवेळ
धन्यवाद वकिलीण बाई, हे अपीलचं मुद्दाम पहिल्या पोस्टमध्ये टाकलं नव्हतं, आधी लोकांची मतं बघायची होती 🙂

फौजी_निवृत्त
म्हणजे आम्हाला गेटवर थांबवून ठेवलंत.

पवनारचा पाहुणा
इतका वेळ वाट बघत होतो की कोणीतरी विनोबांचं नाव काढेल. मराठी लोकांनी हा धागा काढावा आणि वर्ध्याला फेरी न मारता परत जावं हे काही बरं नाही.

१७ ऑक्टोबर १९४०, पवनार. वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही विनोबा. गुन्हा काय? भाषण. इंग्रजांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, युद्धाचा विरोध अहिंसेनेच करायला हवा, एवढं बोलायचं. 'ना एक पाई, ना एक भाई'. चार दिवस गावोगाव बोलत फिरले आणि २१ तारखेला देवळीला पकडले. तीन महिने. सुटले की परत तेच, परत आत. दुसरे निवडलेले नेहरू, ते बोलायच्या आधीच ३१ ऑक्टोबरला उचलले आणि गोरखपूरला खटला होऊन चार वर्षं ठोठावली. भारत संरक्षण नियम, म्हणजे नावातच संरक्षण. पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत सुमारे २५ हजार माणसं आत गेली. आमच्या आजोबांचे एक चुलते त्यात होते. घरात त्यांची ओळख एवढीच की जेलमधून जाड होऊन आले, कारण घरी त्याहून वाईट खायला मिळायचं.

आता यातली गंमत बघा. सत्याग्रहीने आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला कळवायचं की मी अमुक दिवशी अमुक वाजता अमुक ठिकाणी कायदा मोडणार आहे. चोरून नाही, रात्री नाही, जाळी कापून तर नाहीच. माझ्या मते फौजीकाकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. संत्रीला सावली दिसू द्यायचीच नाही, भर उजेडात पत्ता देऊन जायचं.

तिरकस
पत्ता देऊन वाय-१२ ला गेले असते तर गेटवरच घुसखोरीची पावती फाडून संध्याकाळी घरी सोडलं असतं, आणि आज तेरा-चौदा वर्षांनी तुम्ही आम्ही यावर बोलत नसतो. विनोबांचं भाषण हाच गुन्हा होता म्हणून पत्ता देऊन चाललं. अमेरिकेत भाषण गुन्हा नाही, त्यामुळे नुसत्या भाषणाला कोण विचारतो? गेटबाहेर वर्षानुवर्षं लोक फलक घेऊन उभे राहतातच की, नॉक्सव्हिलकर सांगतील.

नॉक्सव्हिलकर
हो, दर रविवारी संध्याकाळी थोडी मंडळी असतात आणि ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या दिवशी जास्त. गाड्या थांबत नाहीत. एखादा हॉर्न वाजवतो, तो पाठिंब्याचा का शिवीचा ते कळायला मार्ग नाही.

पवनारचा पाहुणा
@तिरकस, म्हणजे बातमी व्हावी म्हणून कापायचं? मग त्यात आणि रेल्वेचे रूळ उखडण्यात फरक काय राहिला? बेचाळीसला आपल्याकडे तारा तोडल्या, रूळ उखडले, साताऱ्याकडे प्रतिसरकार चाललं. गांधीजींनी सुटल्यावर १९४४ ला भूमिगतांना सांगितलं, बाहेर या, लपून काम नको. सगळे आले नाहीत, नाना पाटील तर १९४६ पर्यंत भूमिगतच होते. मी कोणाला कमी लेखत नाही. पण दोन वेगळे रस्ते आहेत आणि हातोडी दुसऱ्या रस्त्यावरची आहे असं माझं मत.

तिरकस
भूमिगत म्हणजे पळून जाणारे. हे लोक तिथेच उभे राहिले, गाणी म्हणत. मेणबत्ती लावून बसलेल्या माणसाला भूमिगत म्हणायचं म्हणजे कमाल आहे. रात्री गेले कारण दिवसा पोचलेच नसते. पण पोचल्यावर लपले का? तुमच्या विनोबांची अट होती की पकडले जा, ती यांनी पाळली.

अनामिक
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रोखठोक
काय लिहिलं होतं हो? 😀

मृद्गंध
जाऊ द्या. हातोडीवरून सांगते. ही परंपराच आहे त्यांची, ९ सप्टेंबर १९८० ला पेनसिल्व्हेनियात जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात डॅनियल आणि फिलिप बेरिगन हे दोघे भाऊ आणि आणखी सहा जण घुसले, अण्वस्त्रांच्या टोकांचे भाग हातोडीने ठोकले. बायबलमध्ये यशयाचं वचन आहे ना तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचं, त्यावरून प्लॉशेअर्स हे नाव. तेव्हापासून चालूच आहे. एप्रिल २०१८ ला जॉर्जियात किंग्ज बे पाणबुडी तळावर सात जण घुसले, तारीख मुद्दाम ४ एप्रिल, मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. त्यात फिलिप बेरिगनची बायको लिझ मॅकअलिस्टर होती, वय ७८. धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचा आधार घेऊन बघितला, कोर्टाने मानला नाही. फादर स्टीव्ह केली यांना ३३ महिने. बाकीच्यांना त्याहून कमी.

वकिलीण बाई
आणि हातोडीवरच निर्दोष सुटल्याचंही उदाहरण आहे. जानेवारी १९९६, इंग्लंड, लँकेशायरमधला वॉर्टनचा विमान कारखाना. इंडोनेशियाला जाणारं हॉक जातीचं लढाऊ विमान तिघी बायकांनी हातोड्यांनी फोडलं, नुकसान सुमारे १५ लाख पौंड. चौथी बाई कटात म्हणून नंतर पकडली. त्यांचं म्हणणं, ही विमानं इंडोनेशियाने बळकावलेल्या पूर्व तिमोरमधल्या लोकांवर वापरली जातील, ते थांबवायला आम्ही हे केलं. लिव्हरपूलच्या कोर्टात त्यांना हे ज्युरीला सांगू दिलं. आधी सहा महिने कोठडीत काढलेल्या, पण जुलैमध्ये ज्युरीने चौघींना सोडून दिलं! पंधरा लाख पौंडाच्या नुकसानीला सुटका आणि एका टवक्याला पाच वर्षं. आता फरक कुठे पडला सांगा. कारण सांगू दिलं का नाही, तिथे.

रोखठोक
मग उद्या कोणीही उठून कोणाचंही काही फोडेल आणि ज्युरीला गोष्ट सांगेल. दवाखाना फोडणाराही सांगेल. गोष्ट आवडली की सुटका?

वकिलीण बाई
सांगू दे ना, ज्युरी हो म्हणेलच असं कुठे आहे. बारा माणसं ऐकून ठरवतील. ऐकूच द्यायचं नाही म्हणजे निकाल आधी लागलेला असतो.

रात्रपाळी
न्यू जर्सीतून. इतक्या वेळात कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. माझ्यासारखा सावळा, दाढीवाला माणूस पहाटे बोल्ट कटर घेऊन त्या इमारतीपाशी सापडला असता तर? गार्डने पाव बघितला असता का? खटलाबिटला सोडा, मी अपिलापर्यंत जिवंत पोचलो नसतो. नन, पांढरे केस, गोरा रंग, गळ्यात क्रॉस. मेगन बाईंना हे कळत नव्हतं असं नाही, त्यांनी तुरुंगातल्या गरीब आणि काळ्या बायकांबद्दल बरंच बोलून ठेवलंय. पण आपण धाग्यावर अन्याय अन्याय म्हणताना हे लक्षात ठेवा की अहिंसक निदर्शक म्हणून ओळखलं जाणं हीसुद्धा सगळ्यांना मिळणारी गोष्ट नाही.

मृद्गंध
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. इस्रायलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली सैन्यात जायला नकार देतात आणि त्यांना तीस दिवसांची शिक्षा, बाहेर आलं की परत बोलावणं, परत नकार, परत तीस दिवस असं चालतं. पण हे ज्यू नागरिक म्हणून. वेस्ट बँकमध्ये शांतपणे निदर्शनं करणाऱ्या पॅलेस्टिनी माणसाला लष्करी कोर्ट असतं. तोच विरोध, कोर्ट दुसरं.

ढब्बू मिरची
आपल्याकडे झालं असतं तर काय झालं असतं हो? वकिलीण बाई?

वकिलीण बाई
१९२३ चा गोपनीयता कायदा आहे ना, इंग्रजांचा, तसाच ठेवलेला. संरक्षणाच्या निषिद्ध जागेत देशाच्या सुरक्षेला बाधक हेतूने गेलात तर १४ वर्षांपर्यंत. आणि हेतू काय होता हे माणसाच्या वर्तनावरून आणि एकूण परिस्थितीवरून धरता येतं, असं त्या कलमातच आहे. वर ज्युरी नाही. त्यामुळे गोष्ट सांगायची तर न्यायाधीशांनाच सांगायची.

पण आपल्याकडचा लष्करी जागांचा विरोध वेगळ्या जातीचा आहे. तो आत घुसण्याचा नाही, बाहेर न जाण्याचा. ओडिशात बालियापालला १९८० च्या दशकात क्षेपणास्त्र चाचणीची जागा करायचं ठरलं तर गावकऱ्यांनी रस्ते अडवून सरकारी माणसांना गावात येऊच दिलं नाही, शेवटी ते बारगळलं. झारखंडमध्ये नेतरहाटला तोफांच्या सरावाच्या जागेविरुद्ध १९९३-९४ पासून आदिवासी बसले, ते २०२२ ला राज्य सरकारने मुदतवाढ देणार नाही म्हणेपर्यंत. तिथे प्रश्न अण्वस्त्रांच्या नीतीचा नव्हता, पानमळ्याचा आणि जमिनीचा होता.

फौजी_निवृत्त
नेतरहाटचं मला पटतं. जमीन ज्याची त्याने बोलावं. आणि विनोबांना मी हात जोडतो, माझ्या गणवेशाविरुद्ध बोलले असते तरी जोडले असते, कारण त्यांनी कोणा शिपायाला कोड्यात टाकलं नाही.

आता जे कोणी बोलत नाहीये ते मी बोलतो. त्या पहाटे सगळ्यात आधी पोचलेला गार्ड. त्याने तीन म्हातारी माणसं बघितली, हातात हातोडी आणि मेणबत्ती बघितली, आणि त्याने गोळी चालवली नाही. डोकं शांत ठेवलं. अनुभवी माणूस होता. त्याला नोकरीवरून काढला! कॅमेरे त्याने बंद ठेवले नव्हते. घंटा उगाच वाजायची ती त्याने बिघडवली नव्हती. हातोडीचा आवाज ऐकून दुरुस्तीवाले असतील म्हणणारे वेगळेच होते. सांजवेळताई, तुम्ही विचारलंत ना, शिक्षा जाळीची की अब्रूची. अब्रूची. तुमच्याशी सहमत. फक्त ती तिघांनाच झाली असं समजू नका, त्यातला एक वाटा त्याला मिळाला, आणि त्याच्यासाठी कोणी अपील कोर्टात मोघमपणावर बोट ठेवलं नाही.

सांजवेळ
काका, हे मी वाचलं होतं पण असं बघितलं नव्हतं. आरोपींनाही त्याच्याबद्दल वाईट वाटलं होतं. पण मग उलट विचारते, तुम्ही पहिल्या प्रतिसादात म्हणालात यांनी गार्डवर खुनाची वेळ आणली. प्रत्यक्षात गार्डने योग्य तेच केलं आणि त्याला नोकरीवरून काढलं ते कंपनीने. मग दोष घुसणाऱ्यांचा कसा?

फौजी_निवृत्त
दोघांचा. ती माणसं नसती गेली तर तो पेन्शनीला लागला असता. आणि वरच्यांनी लाज झाकायला खालचा माणूस पुढे केला हे सगळीकडेच असतं, त्यासाठी अमेरिकेला जायला नको.

तिरकस
ती माणसं नसती गेली तर कॅमेरे अजून बंद असते आणि तुमचे "अजून कोण" आरामात आत गेले असते. त्या खासदाराने आभार मानले ते उगाच नाही.

पवनारचा पाहुणा
आभारच मानायचे होते तर भरपाईचे ५३ हजार खासदाराकडून घ्यायचे.

काडीमास्तर
टेंडर काढणाऱ्याकडून. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

नॉक्सव्हिलकर
एक अपडेट. सिस्टर मेगन ऑक्टोबर २०२१ ला गेल्या, ९१ व्या वर्षी. वाय-१२ ला युरेनियमच्या प्रक्रियेसाठी अजून मोठी नवीन इमारत उभी राहतेय, खर्च अब्जांत. कुंपणही नवीन.

रोखठोक
कुंपण नवीन म्हणजे शिक्षेचा उपयोग झाला म्हणायचं.

मृद्गंध
शिक्षेचा का जाळी कापण्याचा?

ढब्बू मिरची
फौजीकाका, त्या गार्डवर आणि डेपोच्या नोकरीवर वेगळा धागा काढा ना. रात्रीची ड्यूटी, खोट्या घंटा, सगळं लिहा.

फौजी_निवृत्त
बघतो. नातू टायपिंग करून देणार असेल तर काढतो. तोवर सांजवेळताई, पहिल्या पोस्टमध्ये अपिलाचं टाका, नवीन येणारा प्रत्येक जण वकिलीण बाईंना परत तेच विचारेल.

अर्धवट
आत्ताच वाचला धागा, पहिली पोस्ट आणि मधले थोडे. बाई अजून आत आहेत का?